सोबतीला कुणी नसताना

प्रिय,

"एकट्याने डोंगर चढायला जाऊ का?" असं तू विचारलंयस, पण पत्राचा सूर पाहता तुझं ठरलेलंच दिसतंय. ठीक आहे, मी अडवत नाही. त्यातला आनंद काय असतो तेही सांगत बसत नाही, तो तुझा तुला कळेल.

पाय मुरगळला तर आधाराला कुणी नाही, हा धोका सगळ्यांनाच दिसतो. मला त्याहून मोठा वाटणारा धोका वेगळा आहे: "बास झालं, आता मागे फिरू" असं म्हणणारं कुणी सोबत नसतं. प्रत्येक गटात एक कुरकुऱ्या असतो. त्याचा वैताग येतो, पण अनेकदा तोच सगळ्यांना वेळेत खाली आणतो. एकटं असताना त्याचं काम तुलाच करायचंय, तेही आदल्या रात्री, पोट भरलेलं आणि डोकं थंड असताना. माथा समोर दिसू लागला की माणूस स्वतःशी फार गोड बोलायला लागतो.

तेव्हा आधी वेळेचं गणित मांड. नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने 1892 मध्ये दिलेला ठोकताळा अजून वापरात आहे: दर 5 किलोमीटरला एक तास आणि वर चढायच्या दर 600 मीटर उंचीला आणखी एक तास. म्हणजे जाऊन-येऊन 10 किलोमीटरची वाट आणि 900 मीटर चढ असेल तर साडेतीन तास. पण हा हिशोब सराव असलेल्याचा, चांगल्या वाटेचा आणि न थांबता चालण्याचा. तू सरळ दीडपट धर, म्हणजे सव्वापाच तास. अंधार पडायच्या दोन तास आधी पायथ्याशी पोचायचं असं ठरव आणि तिथून उलटं मोजत परत फिरण्याची वेळ काढ. ती कागदावर लिही. ती वेळ झाली की माथा दहा मिनिटांवर असला तरी फिरायचं. ही दहा मिनिटं कधीच दहा नसतात.

पहिल्या वेळी ज्या वाटेने चढशील त्याच वाटेने उतर. एका बाजूने चढून दुसरीकडे उतरण्याचा मोह होईल, पण मग दिवसभराच्या दमणुकीनंतर अनोळखी वाट पायाखाली येते. शिवाय चढताना डोंगराच्या सगळ्या धारा, म्हणजे माथ्याकडे जाणाऱ्या अरुंद कडा, वर एकत्र येत जातात, म्हणून चुकायला जागा कमी. उतरताना त्याच धारा फुटत जातात आणि प्रत्येक फाट्यावर चुकीची सोंड, म्हणजे खाली उतरणारी भलतीच धार, पकडली जाते. म्हणून चढतानाच दर फाट्याला वळून मागे बघ आणि फोटो काढ. परतताना वाट नेमकी तशीच दिसणार असते. उतारावर मांड्या थकलेल्या असतात, लक्ष खाली पोचण्याकडे लागलेलं असतं आणि घसाऱ्यावर, म्हणजे सुट्या माती-खड्यांच्या उतारावर, पाय सटकतो. तिथे घाई नको.

वाट चुकल्यासारखं वाटलं तर आधी थांब, पाणी पी. मग जिथपर्यंत खात्री होती तिथे परत जा. तेही जमत नसेल तर आहेस तिथेच थांब. "ओढा धरून खाली गेलं की वस्ती लागते" हा सल्ला फार धोक्याचा आहे. ओढे कड्यावरूनही उड्या घेतात. शिट्टी गळ्यात ठेव. मिनिटाला सहा वेळा वाजवायची, मग मिनिटभर थांबायचं, पुन्हा सहा. ही डोंगरातली आंतरराष्ट्रीय हाक आहे. उत्तर मिनिटाला तीन शिट्ट्यांचं येतं.

नकाशा फोनमध्ये आधीच उतरवून ठेव आणि फोन एअरप्लेन मोडवर टाक. नेटवर्क शोधण्यात बॅटरी उगाच संपते आणि जीपीएस त्याविनाही चालतं. थंडी असेल तर फोन आतल्या खिशात. हेडटॉर्च हवाच, परतायचं दुपारी असलं तरी. बूट नवे कोरे नकोत. बाकी सामानाच्या याद्या तुला हव्या तितक्या मिळतील.

हवेबद्दल मात्र थोडं. हजार मीटर वर गेलं की तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरतं. त्यात वारा आणि घामाने भिजलेला सुती शर्ट आला की थांबल्या थांबल्या हुडहुडी भरते. म्हणून विंडचीटर वर काढून ठेव आणि गार वाटायच्या आधीच घाल. वीज चमकली तर गडगडाटापर्यंतचे सेकंद मोज. तीन सेकंदांना एक किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर धार सोडून खाली उतरायला लाग, एकट्या झाडाखाली थांबू नकोस.

आणि कुठे चाललोय ते कुणाला तरी सांगून जा. 2003 मध्ये अ‍ॅरन राल्स्टन हा कसलेला गिर्यारोहक अमेरिकेतल्या युटामध्ये एका अरुंद घळीत एकटाच उतरला. निसटलेल्या दगडाखाली त्याचा हात अडकला. तो कुठे गेलाय हे त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं. पाच दिवसांनी स्वतःचा हात कापून तो सुटला.

तुझ्यासाठी ते 'कुणीतरी' मी होईन. निघण्याच्या आदल्या रात्री चार ओळी पाठव: कुठली वाट, किती वाजता सुरुवात, किती वाजता फिरणार, किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर मी शोधाशोध सुरू करायची. बेत बदलला तर निघायच्या आधी कळव. आणि खाली आल्यावर आधी मला फोन, मग आंघोळ.