नव्या तंत्रज्ञानाला प्रश्न विचारणाऱ्याला लोक मागासलेला का म्हणतात?

तुम्ही लिहिलंय की ऑफिसात एआयवाली सिस्टीम येतेय, तुम्ही शंका काढल्या आणि मीटिंगमध्ये हशा पिकला. साधं कारण आहे: खरेदीवर सही झालेली असते. त्यानंतरची शंका सही करणाऱ्याला झोंबते.

मी गोदाम सांभाळायचो. बारकोड आला आणि आवक-जावकीची वही बंद करायचा हुकूम निघाला. मी म्हटलं, काही दिवस दोन्ही चालू द्या. साहेब सगळ्यांदेखत म्हणाले, "कॅल्क्युलेटर आला तेव्हाही तुम्ही पाढेच म्हणत बसला असाल." मी गुपचूप वही लिहीत राहिलो. पुढे स्क्रीनवर माल जास्त, रॅकवर कमी. संशय कुणावर? माल उतरवून घेणाऱ्या पोरावर. पगार अडवला त्याचा. पुरावा काय, तर कॉम्प्युटर कशाला खोटं बोलेल! मी वहीशी एकेक पावती ताडून पाहिली. नेटवर्क मधेच तुटलं की आवकीची नोंद दोनदा चढत होती. पगार सुटला. साहेब म्हणाले, "पुढच्या अपडेटमध्ये होईल दुरुस्त." पोराची माफी वगैरे काही नाही.

ब्रिटनच्या पोस्टात हेच मोठ्या प्रमाणावर झालं. १९९९ पासून बसवलेली 'होरायझन' ही हिशेबाची सिस्टीम नसलेली तूट दाखवायची आणि पोस्ट चालवणाऱ्यांनी ती खिशातून भरायची. चोरी, अफरातफर अशा आरोपांखाली ९०० हून अधिक जण दोषी ठरले, काही तुरुंगात गेले. कोर्टातही गृहीत हेच की कॉम्प्युटर बरोबर चालतोय. शेवटी २०२४ मध्ये संसदेने खास कायदा करून शेकडो जणांना दोषमुक्त केलं. तूट आली कुठून हे शोधायला त्या बिचाऱ्यांच्या हातात पुरेसा तपशीलच नव्हता. माझ्याकडे निदान वही होती.

आणि ते कॅल्क्युलेटरचं. त्याची बेरीज मला कागदावर करून बघता येते, साहेब! एआयने एखाद्याचा अर्ज बाद केला तर नेमका कशावरून, हे बरेचदा विकणाऱ्यालाही सांगता येत नाही.

तुम्ही एवढंच करा: आकडा चुकला तर जबाबदार कोण, हे मेलवर विचारा. मीटिंगमध्ये नको. आणि जुनी नोंद लगेच बंद करू नका, कुणी काही म्हणो.

बारकोड वाईट होता असं मात्र नाही हं. माल शोधायचा वेळ खरंच वाचला, आणि वहीतही घाईत १ चा ९ होतोच.