परदेशात शिकायला जाताना सोशल मीडिया बंद केलं तर घरापासून तुटल्यासारखं होतं का?

सप्टेंबरमध्ये मास्टर्ससाठी जर्मनीला निघालोय, इन्स्टा-फेसबुक बंद करूनच जावं असं वाटतंय, पण घरच्यांपासून तुटेन अशी भीती आहे, असं तुम्ही लिहिलंय. मी सांगलीची, गावभागातली. ऑक्टोबर २०२३ मध्ये जलविज्ञानाच्या मास्टर्ससाठी ड्रेस्डेनला आले. पहिले दहा महिने हे सगळं फोनमध्ये होतं, नंतर नाही. घरापासून तुटले होते हे खरं, पण ते त्या पहिल्या दहा महिन्यांत.

आधी घड्याळाचं बघा, सगळा घोळ तिथूनच सुरू होतो. हिवाळ्यात जर्मनी आपल्या साडेचार तास मागे असते (मार्चच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळं पुढे करतात, मग साडेतीन). लेक्चर, लायब्ररी, स्वयंपाक, भांडी उरकून मी आठला मोकळी व्हायचे तेव्हा सांगलीत साडेबारा वाजलेले. आई-पप्पा झोपलेले, मैत्रिणी झोपलेल्या. जागं असायचं ते फक्त इन्स्टाग्राम. मग हरभट रोडची गर्दी, कुणाच्या तरी हळदीतला नाच, भडंग कशी करतात याचे रील. अहो, भडंग मी दात आल्यापासून खातेय, आणि ती कशी करतात हे ड्रेस्डेनच्या खोलीत पांघरुणात पडून रात्री एकला बघत होते! रविवारचं तर विचारूच नका. दुकानं कायद्यानेच बंद, बाहेर बर्फ, अख्खा दिवस अंगठ्यावर जायचा. सांगलीत राहून सांगली एवढी कधी बघितली नव्हती. आणि आईशी बोलणं? आठवड्यातून एकदा. जेवलीस का, हो. थंडी आहे का, हो. ठेवू का, हो.

फेब्रुवारीत एक पेपर असा गेला की वर्गातून बाहेर पडतानाच कळलं, हा राहिला. त्याच संध्याकाळी मी एल्बे नदीकाठी, बर्फात, नवी टोपी घालून काढलेला फोटो टाकला. का टाकला, ते आजही नीट सांगता येत नाही. मावशीची कमेंट आली, "मज्जा आहे बाई एका मुलीची!" आईने तो फोटो मावशीच्याच फोनवर बघितला आणि शेजारीपाजारी सांगून आली. आता असा फोटो टाकल्यावर नापास झाल्याचं कुठल्या तोंडाने सांगणार? निकाल लागला तरी महिनाभर सांगितलं नाही.

शेवटी पप्पांना म्हटलं, "पाच मिळाले." पप्पा हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी आहेत, आकड्यांत पक्के. म्हणाले, "पाच? दहापैकी ना? बरे आहेत की." जर्मनीत १ म्हणजे उत्तम, ४ पर्यंत पास आणि ५ म्हणजे नापास, हा उलटा हिशोब समजावून सांगितला. थोडा वेळ गप्प बसले. मग, "परत बसता येतंय का?" येतं म्हटलं. "मग बस की." झालं. दोन वाक्यांच्या कामासाठी मी महिना जाळला होता.

तरीही ॲप काही काढलं नाही. ते काढलं जुलै २०२४ मध्ये. इथे परीक्षा चालू, तिथे कृष्णा चढत होती. आमच्याकडे आयर्विन पुलाची इशारा पातळी ४० फूट, धोक्याची ४५. २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, तेव्हा आम्ही वरच्या मजल्यावर अडकलो होतो आणि बोटीतून बाहेर पडलो होतो. त्यामुळे ४० चा आकडा दिसला की पोटात गोळा येतो, मग शिक्षण जलविज्ञानाचं का असेना. त्या रात्री मी एकामागून एक व्हिडिओ बघत बसले. कुणी म्हणे कोयना धरणातून विसर्ग वाढवला, कुणी म्हणे खाली कर्नाटकातल्या अलमट्टी धरणामुळे पाण्याला फुगवटा आला, कुणी नुसताच देवाचा धावा करणारं गाणं लावलेलं. एका व्हिडिओत आमच्याच भागातल्या एका दुकानाचं शटर अर्ध्यापर्यंत बुडालेलं. दुसऱ्यांदा बघितल्यावर ट्यूब पेटली, ते दुकान तर २०२० मध्येच बंद झालंय! पाच वर्षांपूर्वीचं पाणी आजचं म्हणून फिरवत होते. हे कळूनही हात थांबेना. पहाटे दोनला, म्हणजे सांगलीत साडेपाचला, न राहवून फोन लावला.

आई धसकून उठली. "काय झालं गं? बरी आहेस ना तू?"

ती झोपली होती. पप्पांनी संध्याकाळी सिलेंडर, धान्याचे डबे आणि कागदपत्रांची पेटी वर नेऊन ठेवली होती, घाटावर जाऊन पाणी बघून आले होते आणि जेवून झोपले होते. "चाळीसला आपल्या गल्लीत येत नाही गं. तू झोप, पेपर आहे ना?" पूर त्यांच्या दारात, आणि घाबरवलं त्यांना मी, सहा-सात हजार किलोमीटरवरून.

दुसऱ्या दिवशी पेपर देऊन आले आणि दोन्ही अकाउंट डीॲक्टिव्हेट केली. कायमची डिलीट करायची असतील तर अर्ज केल्यावर ३० दिवस मुदत असते, तेवढ्यात लॉगिन केलंत की अर्ज रद्द होतो, पण मुदत संपली की अकाउंट परत मिळत नाही, म्हणून थेट तिकडे उडी मारू नका. व्हॉट्सॲप ठेवलं, फक्त ग्रुप आर्काइव्हमध्ये टाकले. लिंक्डइन ठेवलं, अर्धवेळ नोकरी त्यावरच मिळाली. आणि तुम्ही तर अजून निघालाही नाहीत, तेव्हा खोली मिळेपर्यंत फेसबुक असू द्या, खोल्यांच्या बऱ्याच जाहिराती तिथे येतात. (खोली न दाखवता डिपॉझिट मागणाऱ्याला मात्र एक युरोही पाठवू नका.)

घरचा फोन सकाळी सातवर आणला. तेव्हा सांगलीत साडेदहा-साडेअकरा, आईची भाजी निवडायची वेळ. ती फोन डब्याला टेकवून ठेवते, मी चहा करते. निम्मा वेळ कुणीच बोलत नाही. मग मध्येच कुणाचं लग्न मोडलं, गॅस किती दिवस पुरला, हे निघतं. आठवड्याच्या "हो-हो"मध्ये हे कधीच निघालं नसतं.

नुकसान झालंच नाही असं नाही. शाळेतल्या एका मैत्रिणीला मुलगी झाली ते मला चार महिन्यांनी कळलं, आणि ती रुसली, बरोबरच होतं तिचं. इथे मराठी मुलांनी ठरवलेला एक गणपतीचा कार्यक्रमही हुकला. पहिले दोन आठवडे हात आपोआप फोनकडे जायचा, तेही खरं. बाकी मी गायब झालेय हे जगाच्या लक्षात यायला तीन आठवडे लागले. लक्षात आलं तेही मावशीच्या. तिने आईला विचारलं, "पोरीचं तिकडं काही जमलंय का? दिसत नाही हल्ली."

पावसाळ्यात पप्पा आता दुकानातून येताना पुलाकडून येतात आणि मला एक मेसेज टाकतात. काल आलेला असा होता: "३२. उतरतंय. जेवलीस का?"