नाही म्हटलं की दिवसभर टोचत राहतं

"मॅडम, दारात कुणी संस्थेसाठी पैसे मागायला आलं की मला नाही म्हणता येत नाही. आणि म्हटलंच, तर दिवसभर टोचत राहतं."

समुपदेशक म्हणून हे वाक्य थोड्याफार फरकाने मी कितीतरी जणांकडून ऐकलंय. मॉलबाहेर देणगी मागत टॅब घेऊन उभी असलेली मुलं दिसली की रस्ता ओलांडून पलीकडून जाणारे तरुणही माझ्याकडे येतात. पण हा प्रश्न मला नीट कळला तो एका काकूंमुळे. त्यांच्या परवानगीने लिहिते आहे, ओळख पटेल असे तपशील बदललेत.

वय 71, निवृत्त शिक्षिका, कोथरूडला दुसऱ्या मजल्यावर एकट्या राहतात. मुलगी त्यांना घेऊन आली ती बँकेचं स्टेटमेंट हातात धरूनच. दर महिन्याला सहा संस्थांना आपोआप पैसे जात होते. कुठे 500, कुठे 800, एके ठिकाणी 1,500, मिळून 4,700. त्यातल्या दोन संस्थांची नावं काकूंना आठवेनात.

"हिला कुणीही गंडवतं," मुलगी म्हणाली. "आता फोनचा पिन मीच माझ्याकडे ठेवणार."

काकू पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या होत्या. मी मुलीला थोडा वेळ बाहेर बसायला सांगितलं.

उतारवयात पैशांच्या व्यवहारात अचानक बदल झाला, तर ती कधीकधी स्मृतिभ्रंशाची सुरुवातीची खूण असू शकते. म्हणून आधी ते पाहिलं. गॅस चालू राहतो का, एकच बिल दोनदा भरलं जातं का, रोजचा रस्ता चुकतो का, हे विचारलं. डॉक्टरांकडूनही तपासून घेतलं. तसलं काही नव्हतं. तुमच्या घरात असं घडत असेल तर रागावण्याआधी एवढं नक्की करा.

दुसऱ्या भेटीत काकू मोकळ्या झाल्या. "तुम्हाला म्हणून सांगते. आता बेल वाजली की मी टीव्हीचा आवाज बंद करते. पंख्याचा आवाज बाहेर जाईल म्हणून तोही बंद करते. आणि पाय वर घेऊन सोफ्यावर बसून राहते. चप्पल वाजली तर कळेल ना त्यांना, घरात कुणीतरी आहे ते." एवढं सांगून त्या रडायला लागल्या. "परवा बेल वाजली ती माझ्या मैत्रिणीने वाजवली होती. डबा घेऊन आलेली. परत गेली बिचारी."

4,700 रुपयांपेक्षा मला हा सोफा जास्त महत्त्वाचा वाटला. स्वतःच्या घरात श्वास रोखून बसलेली बाई. मुलीच्या स्टेटमेंटमध्ये हे कुठे दिसणार?

काकूंना वाटत होतं, असं वागणाऱ्या आपण एकट्याच. मग मी त्यांना शिकागोजवळच्या उपनगरांत झालेल्या एका प्रयोगाबद्दल सांगितलं. स्टेफानो डेलाविन्या, जॉन लिस्ट आणि उलरिके मालमेंडियर या तीन अर्थतज्ज्ञांचा तो अभ्यास 2012 साली प्रसिद्ध झाला. काही घरांच्या दाराला आदल्या दिवशी चिठ्ठी अडकवली: उद्या अमुक वेळात देणगी मागायला येऊ. चिठ्ठी मिळालेल्या घरांत दार उघडणाऱ्यांचं प्रमाण 9 ते 25 टक्क्यांनी घटलं. काही चिठ्ठ्यांवर 'आमच्याकडे येऊ नका' अशी खूण करायची सोय होती. तिथे देणग्याच 28 ते 42 टक्क्यांनी कमी झाल्या, आणि ही घट मुख्यतः छोट्या रकमांची होती. समोरच्या माणसाच्या तोंडावर नाही म्हणणं जमत नाही म्हणून कितीतरी लोक देतात, आणि त्यांना सुटायची वाट मिळाली की ते सुटतात.

"म्हणजे तिथेही लोक सोफ्यावर पाय घेऊन बसतात?" काकूंनी विचारलं. पहिल्यांदाच हसल्या.

पण त्यांचं टोचणं एवढ्याने जाणार नव्हतं, कारण त्याचं मूळ बरंच खोल होतं. त्या म्हणाल्या, "आम्ही अण्णा कर्व्यांच्या गोष्टी ऐकत वाढलो. विधवांच्या आश्रमासाठी ते दारोदार हिंडले. लोक काय काय बोलले त्यांना! आणि मी दार लावून घेऊ?"

हा मुद्दा मला उडवून लावायचा नव्हता. महर्षी कर्व्यांनी 1896 मध्ये अनाथ बालिकाश्रम काढला तो लोकांच्या वर्गणीवरच. 1936 मध्ये, वयाच्या 78 व्या वर्षी, खेड्यातल्या शाळांसाठी मंडळ काढून ते पुन्हा पैसे गोळा करायला बाहेर पडले. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या वसतिगृहांना घराघरातल्या मूठमूठ धान्याने हात दिला. दारात येऊन चांगल्या कामासाठी मागणं ही महाराष्ट्राची फार मोठी परंपरा आहे, आणि काकूंना तिचा मान राखायचा होता. त्यात आजार कसला?

मी एवढंच विचारलं, "काकू, अण्णांना किती घरांतून नकार मिळाला असेल?"

"पुष्कळ."

"मग त्यांचं काम थांबलं?"

बराच वेळ त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "मला वाटायचं, मी नाही म्हटलं तर त्या पोराचं सगळं संपेल."

ते पोर म्हणजे 1,500 रुपयेवाला मुलगा. आधीच्या आठवड्यात तो फक्त सही मागायला आला होता, मुलांच्या शिक्षणाला पाठिंबा म्हणून. शिक्षिकेने सही दिली नसती तरच नवल. पुढच्या खेपेला त्याने टॅब पुढे केला. आधी छोटी विनंती मान्य केली की मोठी नाकारणं जड जातं. फ्रीडमन आणि फ्रेझर या मानसशास्त्रज्ञांनी 1966 मध्ये कॅलिफोर्नियातल्या घरांत हे दाखवलं. 'जपून वाहन चालवा' असा मोठा बोजड फलक अंगणात लावू द्याल का, या विनंतीला एरवी सुमारे 17 टक्के घरं तयार झाली. ज्यांनी आधी त्याच विषयाची छोटीशी पाटी लावून घेतली होती, त्यांच्यातली 76 टक्के हो म्हणाली.

तरी त्या मुलाला मी लबाड म्हणणार नाही. असं काम करणारी मुलं माझ्याकडेही येतात. बरीचशी संस्थेची नसतात, एजन्सीची असतात. लहान गावांतून आलेली, डोक्यावर टार्गेट, दिवसभर उन्हात नकार ऐकून संध्याकाळी स्वतःलाच नालायक ठरवणारी. काकूंनी त्याला पाणी दिलं होतं, रव्याचा लाडू दिला होता. ते दोन्ही योग्यच होतं. पाणी माणसाला द्यायचं, आणि देणगी संस्थेला. दारात या दोन गोष्टींची गल्लत झाली होती.

मग आम्ही सराव केला. मी तो मुलगा झाले, खोलीच्या दाराबाहेर उभी राहिले. पहिल्या वेळी काकू नाही म्हणाल्या आणि पुढे चार मिनिटं कारणं देत बसल्या. पेन्शन, गुडघ्याचं ऑपरेशन, आधीच्या संस्था. मी प्रत्येक कारणाला उत्तर दिलं: "आजी, मग 300 चं करूया का?" त्या हो म्हणून बसल्या! कारण सांगितलं की समोरच्याला बोलायला धागा मिळतो. शेवटी एकच वाक्य ठरलं आणि ते त्यांनीच रचलं: "मी दारात देत नाही बाळा, माहितीपत्रक दे, वर्षातून एकदा बसून ठरवते." सातव्या वेळी ते आवाज न कापता आलं.

त्या बसून ठरवण्याचा दिवस अक्षय्य तृतीया. दानाचा दिवस म्हणून त्यांनीच निवडला. शाळेच्या सवयीने वही घातली. रकाने असे: ट्रस्टचा नोंदणी क्रमांक, आयकरात वजावट देणारी (80जीची) पावती मिळते का, गेल्या वर्षीचा हिशेब बघायला मिळतो का, काम प्रत्यक्ष जाऊन बघता येईल का. 2,000 रुपयांवरची रोख देणगी या वजावटीला धरत नाहीत, हेही वहीत गेलं. गणपती मंडळाच्या मुलांसाठी वेगळं पान: वर्गणी गोळा करायला धर्मादाय आयुक्तांची कलम 41 क खालची परवानगी आहे का? विचारल्यावर मुलं आदराने कागद दाखवतात, असा काकूंचा अनुभव.

चालू असलेले सहा व्यवहार त्यांनी स्वतःच निस्तरले. तीन यूपीआयचे ऑटोपे फोनवरूनच रद्द झाले. खात्यातून एनएसीएचने, म्हणजे बँकेला आधीच दिलेल्या आदेशाने, जाणाऱ्या दोघांसाठी बँकेत अर्ज द्यावा लागला. मुलगी सोबत गेली, पण मी तिला विनंती केली होती की काउंटरपाशी बोलू नकोस. ती बाहेरच्या बाकावर बसली. पिनचा विषय तिने पुन्हा काढला नाही. सहावी संस्था काकूंनी ठेवली. तिचं वसतिगृह त्या स्वतः जाऊन बघून आल्या होत्या.

जुलैत त्या शेवटच्या भेटीला आल्या. आदल्या दिवशी पावसात भिजलेली एक मुलगी दारात आली होती, गळ्यात ओळखपत्र, टॅबला प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळलेली. काकूंनी सेफ्टी डोअर उघडलं, वाक्य म्हटलं, पत्रक घेतलं. मुलगी म्हणाली, "ठीक आहे आजी. वरच्या मजल्यावर कुणी असेल का आत्ता?"

"मग?"

"म्हटलं, आधी केस पूस. टॉवेल दिला, चहा दिला. गेली वर." त्या थांबल्या. "टोचलं थोडं. पण टीव्ही चालूच होता, मॅडम."

पत्रक वहीत ठेवलंय. पुढच्या अक्षय्य तृतीयेपर्यंत.