वाचकांचे प्रश्न : १ म्हणजे हजर

प्रश्न : चीनमध्ये मोबाइल, इंटरनेट सगळंच पुढारलेलं. करोनाच्या काळात तिथल्या कॉलेजच्या मुलांना ऑनलाइन शिकणं सोपं गेलं असेल ना? – एक प्राध्यापिका, नाशिक

उत्तर : मीही तेच धरून चालले होते. तिथल्या एका विद्यापीठात मी हिंदी शिकवायचे. जानेवारी २०२०मध्ये चिनी नववर्षाच्या सुट्टीला सांगलीत आले ती इथेच अडकले. मुलंही चार कपडे घेऊन घरी गेलेली, पुस्तकं हॉस्टेलच्या कपाटात. 'वर्ग बंद, शिकणं चालू' असं सरकारने जाहीर केलं आणि मी धड्यांचे फोटो काढून वीचॅटवर, म्हणजे तिथल्या व्हॉट्सअ‍ॅपवर, पाठवत बसले.

तास बीजिंगच्या घड्याळाने सकाळी ८ला, म्हणजे माझे पहाटेचे साडेपाच. एक मुलगी चीनच्या पार पश्चिमेकडच्या शिनजियांगमधल्या कश्गरची. अख्ख्या चीनला वेळ एकच, पण नकाशात कश्गर जवळजवळ सांगलीच्या डोक्यावर. दोघींच्याही खिडकीबाहेर मिट्ट काळोख. तिच्या शेजारी आजी झोपलेली, म्हणून ती पांघरुणात शिरून ऐकायची. कान्सू प्रांतातला एक मुलगा रेंजसाठी टेकाडावर जायचा. वाऱ्याचा घोंघाट ऐकू आला की समजायचं, स्वारी आली.

कॅमेरे बहुतेकांचे बंद. 'समजलं?' विचारलं की पडद्यावर एकाखाली एक १, १, १. म्हणजे हो, हजर, समजलं. काही १ झोपेत टाकलेले असणार. मी त्यांच्या जागी असते तर मीही टाकले असते.

पण वर्गात कधी मान वर न करणारी मुलं इथे लिहून विचारायला लागली. दीड वर्षात एक शब्द न बोललेल्या मुलाने लिहिलं, 'मी मुलगा, मग मैंने रोटी खाई कसं?' तास संपला तरी त्या 'ने'वरचा वाद संपेना.

वैताग होताच. डिंगटॉक हे मुळात ऑफिसांचं अ‍ॅप, ते वर्गांसाठी आलं तेव्हा चीनभरच्या पोरांनी रेटिंगमध्ये त्याला एकेकच तारा देऊन पार खाली आणलं. फेब्रुवारीत कंपनीने व्हिडिओ काढून चक्क गयावया केली. त्यावर पोरांचा विनोद असा, की पाच तारे देतो, पण हप्त्याने!

सत्राअखेरच्या तोंडी परीक्षेत कश्गरच्या मुलीला मी दिनक्रम विचारला. जरा थांबून ती म्हणाली, 'मैडम, मेरी सुबह रात में होती है.' व्याकरणाचे पूर्ण गुण दिले.