परसबाग सल्ला : बाग वाढवायची, पण किती आणि कशाच्या जोरावर?

सामूहिक पर्माकल्चर (निसर्गाच्या धर्तीवर आखलेल्या, शक्यतो स्वतःच्या जोरावर तगणाऱ्या) बागा चालवणाऱ्या वाचकांना गेल्या अंकात आम्ही विचारलं होतं की पुढच्या काही वर्षांचे तुमचे बेत काय आहेत. ठाणे आणि नवी मुंबईतून आलेल्या पत्रांपैकी बहुतेक पत्रं दोन-तीन वर्षं झालेल्या बागांची आहेत. वाफे मार्गी लागलेत, भाजी निघतेय आणि कमिटीतल्या कुणाला तरी शेजारची मोकळी जागा खुणावू लागलीय. त्यातल्या काही प्रश्नांना इथे उत्तरं देतो आहोत.

प्रश्न : आमची ४० घरांची सोसायटी आहे. भाजीचे वाफे ३० चौरस मीटर आहेत आणि घरोघरचा ओला कचरा आम्ही आवारातच जिरवतो. क्लबहाऊसमागे १२० चौरस मीटर जागा मिळते आहे. सगळी एकदमच वाफ्यांखाली आणावी का? (खारघर)

आणू नका. जागा मिळाली हे उत्तम, पण वाफे किती वाढतील हे जागेवरून ठरत नाही, खतावरून ठरतं. कागदावर हिशेब मांडून बघा. ४० घरांचा ओला कचरा दिवसाला साधारण २० किलो, म्हणजे वर्षाला सात हजार किलोंच्या आसपास. कुजून त्याचा चौथा हिस्सा उरतो. ते झालं सुमारे १,८०० किलो, मापात जवळपास ३,५०० लिटर खत. नव्या वाफ्याला पहिल्या वर्षी पाच सेंटीमीटर जाडीचा थर दोनदा द्यावा लागतो, म्हणजे चौरस मीटरला १०० लिटर. मुरलेल्या वाफ्याचं निम्म्यात भागतं.

आता तुमच्या जुन्या ३० चौरस मीटरला १,५०० लिटर लागतील. उरलेल्या दोन हजार लिटरमध्ये नवे २० चौरस मीटर होतात. पुढच्या वर्षी ५० चौरस मीटरला २,५०० लिटर जातील आणि नव्यासाठी हजारच उरतील, त्यात १० चौरस मीटर बसतात. असं करत तुमची बाग ७० चौरस मीटर वाफ्यांवर येऊन थांबते. त्यापुढे जायचं तर बाहेरून पोती विकत आणावी लागतील, आणि विकतच्या खतावर चालणारी बाग पैसे संपले की बसते.

उरलेली जागा मोकळी ठेवायची गरज नाही. कमी खतावर आणि नुसत्या पाल्याच्या आच्छादनावर भागणारी मंडळी तिथे लावा : कढीपत्ता, शेवगा, हादगा, लिंबू, गवती चहा, आणि झाडांच्या अर्धवट सावलीत हळद, सुरण, आळू. कडेने गिरिपुष्पाची रांग हवी. मनगटाएवढ्या जाडीच्या, दीड मीटर लांबीच्या काठ्या पावसाच्या तोंडावर ३० सेंटीमीटर खोल रोवल्या की त्या फुटतात. दुसऱ्या वर्षापासून छातीएवढ्या उंचीवर छाटा आणि पाला थेट वाफ्यांवर पसरा. नत्राचा एवढा स्वस्त साठा दुसरा नाही.

पालापाचोळा मात्र बाहेरून जितका मिळेल तितका घ्या. जानेवारी ते मार्च पर्जन्यवृक्ष, सोनमोहर, देशी बदाम पानं गाळतात आणि झाडूवाले ती पोत्यांत भरून ठेवतात. कोंबडीजाळीचा एक मीटर व्यासाचा, सव्वा मीटर उंच पिंजरा करा, पानं दाबून भरा आणि भिजवा. आठ-दहा महिन्यांत ढीग एक तृतीयांशावर येतो. पर्जन्यवृक्षाचा बारीक पाला लवकर कुजतो. फणस, आंबा, वड यांची चिवट पानं आधी चुरून घ्या, नाहीतर वर्षभर जशीच्या तशी राहतात.

दुसरी मर्यादा हातांची. नियमित येणारा एक माणूस आठवड्याला दोन तास देत असेल तर दहा चौरस मीटर वाफे नीट राखतो, असा आमचा अंदाज आहे. पावसाळ्यात तण काढायला याच्या दुप्पट वेळ धरा. व्हॉट्सअॅप गटात किती जण आहेत ते मोजू नका. मे महिन्याच्या दुपारनंतर पाणी घालायला कोण येतं, ते मोजा.

प्रश्न : पावसात आमच्या बागेला दृष्ट लागेल असा बहर असतो. फेब्रुवारीनंतर पानांच्या कडा करपतात, मातीवर पांढरी साय धरते. रोग आहे का? (उलवे)

रोग नाही, मीठ आहे. खाडीलगतच्या भराव जमिनीत वर मुरूम आणि खाली खाडीचा चिकण गाळ असतो. पावसाळ्यात मीठ धुऊन खाली जातं. ऑक्टोबरनंतर माती वरून सुकू लागली की खालचा खारट ओलावा वर चढतो, पाणी उडून जातं आणि मीठ तिथेच राहतं. जास्त पाणी घातल्याने हे सुटत नाही, कारण निचरा नसेल तर ते पाणी त्याच मिठाला पुन्हा वर आणतं.

आधी माती तपासून घ्या आणि अहवालात विद्युतवाहकता (मीठ किती आहे ते) आणि सामू (माती आम्ल की अल्क ते) हे दोन आकडे बघा. खारी माती (विरघळणारं मीठ जास्त) वेगळी आणि चोपण माती (सोडियम जास्त, म्हणून घट्ट बसणारी) वेगळी. जिप्समचा उपयोग चोपण मातीला होतो. नुसत्या खाऱ्या मातीत ते टाकणं म्हणजे पैसे पुरणं आहे, तरी दुकानदार हमखास तेच हातात देतो.

नवे वाफे जमिनीच्या वर बांधा. तळाशी १० ते १५ सेंटीमीटर विटांचे तुकडे किंवा जाड खडी पसरा. कुंडीत खडी घालून निचरा सुधारत नाही हे खरं, पण इथे तिचं काम वेगळं आहे : मोठ्या फटींतून खारट ओलावा वर चढू शकत नाही. त्यावर ३५ ते ४० सेंटीमीटर माती-खत मिश्रण घाला. विटांना चुना-सिमेंट चिकटलेलं असेल तर ते झाडून घ्या. नाहीतर सामू आठच्या वर जातो आणि कोवळी पानं पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. उताराच्या बाजूला ४५ सेंटीमीटर खोल चर हवा, म्हणजे पावसात धुतलेलं मीठ आवाराबाहेर जाईल. ऑक्टोबर ते मे आच्छादन १० सेंटीमीटरच्या खाली जाऊ देऊ नका. करपणं थांबवण्यात अर्धा वाटा एकट्या आच्छादनाचा आहे.

टँकरचं किंवा बोअरचं पाणी असेल तर टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) मीटरने मोजा. आकडा ८०० पीपीएमच्या आत असेल तर ठीक. १,५०० च्या वर असेल तर घेवडा, कांदा, गाजर यांचा नाद सोडा. आरओ यंत्रातून बाहेर पडणारं पाणी वाफ्यांना रोज घालणं बंद करा. पालक आणि बीट बऱ्यापैकी मीठ सोसतात, झाडांत नारळ आणि चिकू सोसतात. पनवेलला कोकण कृषी विद्यापीठाचं खारभूमी संशोधन केंद्र आहे. खाऱ्या जमिनीत तग धरणारे 'पनवेल' नावाचे भाताचे वाण तिथलेच. अशा मातीचा प्रश्न घेऊन जायला ती योग्य जागा आहे.

प्रश्न : आमची बाग डोंगरउतारावर आहे. व्हिडिओत दाखवतात तसे समपातळीत चर खणून पाणी जिरवायचं आहे. शिवाय माकडांचा त्रास आहेच. (घोडबंदर रोड)

ते व्हिडिओ बहुतेक कोरड्या मुलखातले असतात. तिथे वर्षाला पाच-सहाशे मिलिमीटर पाऊस पडतो, ठाण्यात अडीच हजारांच्या आसपास. इथे एका दिवसात २०० मिलिमीटर पडणं नवीन नाही. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे चौरस मीटरला एक लिटर. तुमचा उतार ५०० चौरस मीटर धरला तर त्या एका दिवसाचं पाणी एक लाख लिटर होतं. वीस मीटर लांब, ६० सेंटीमीटर रुंद आणि ४० सेंटीमीटर खोल चरात फार तर पाच हजार लिटर मावतात. उरलेलं पाणी बांध फोडून स्वतःची वाट काढतं आणि जाताना माती घेऊन जातं.

म्हणून आधी सांडवा ठरवा, मग चर. चर अगदी समपातळीत न ठेवता शंभर मीटरला अर्धा ते एक मीटर असा हलका ढाळ द्या आणि टोकाला दगड रचलेल्या नाळीत सोडा. पातळी बघायला तीन बांबूंची ए आकाराची चौकट आणि मध्ये ओळंबा पुरे. चराच्या खालच्या कडेला वाळ्याची जुडगी १० ते १५ सेंटीमीटरवर जूनमध्ये लावा, त्याची मुळं बांध धरून ठेवतात. प्रत्येक झाडाला वरच्या बाजूला उघडं असं अर्धचंद्राकृती आळं करा. संरक्षक भिंतीच्या वरच्या अंगाला मात्र पाणी जिरवणारा कोणताही खड्डा नको. भिंतीमागे पाणी साचलं की भिंत ढकलली जाते. तिच्यातली निचऱ्याची भोकं मेअखेर मोकळी करून घ्या, आणि उतार उभा असेल तर इंजिनिअरला दाखवल्याशिवाय कुदळ लावू नका.

माकडांसाठी जाळ्या, फटाके, वाघाची चित्रं हे सगळे चार दिवसांचे उपाय. पिकं बदला. डोंगराकडच्या बाजूला हळद, आलं, सुरण, आळू, कारली, कढीपत्ता, गवती चहा. पपई, केळी आणि मका इमारतीजवळ, माणसांच्या राबत्यात. शिजलेलं अन्न उघड्या खड्ड्यात टाकू नका. त्याने कुत्री जमतात, आणि येऊरच्या बाजूला कुत्र्यांमागे बिबट्या येतो.

प्रश्न : केळीचं गोल आळं केलं, मधल्या खड्ड्यात पाला आणि बेसिनचं पाणी सोडतो. जूनच्या वाऱ्यात चारपैकी तीन केळी आडव्या झाल्या, खड्ड्यात डास झाले. (नेरुळ)

दोन्हीचं कारण खड्ड्याची खोली. निचऱ्याच्या जमिनीत दोन मीटर व्यास आणि ६० सेंटीमीटर खोली चालते. चिकण मातीत त्याचं डबकं होतं, मुळं कुजतात आणि झाड नुसतं टेकून उभं राहतं. खड्डा ३० सेंटीमीटरवर आणा, काढलेल्या मातीचा कडेने ४० सेंटीमीटर उंच कट्टा करा आणि केळी त्या कट्ट्यावर लावा. खड्डा पाल्याने जमिनीच्या वर मीटरभर शिगोशीग भरलेला असावा. पाणी दिसलं की पाला कमी पडतोय असं समजा. बेसिनचं आणि आंघोळीचं पाणी चालेल. वॉशिंग मशीनचं आणि ब्लीचचं पाणी नको.

उंच जातींऐवजी बुटकी बसराई घ्या. मुनवे (बुंध्याशी फुटणारी पिल्लं) निवडताना अरुंद, तलवारीसारख्या पानांचे घ्या, रुंद पानांचे पाणमुनवे कमजोर निघतात. एका बुंध्याला तीनच खोडं ठेवा : आई, मुलगी, नात. बाकीचे मुनवे दर महिन्याला कोयत्याने जमिनीलगत काढा. घड बाहेर पडला की वाऱ्याच्या उलट बाजूने बांबूचा टेकू द्या.

प्रश्न : पुढच्या पाच वर्षांच्या आराखड्यात पाच हजार लिटरची पावसाच्या पाण्याची टाकी आणि फळझाडांचं 'अन्नवन' आहे. काही सुधारणा? (वाशी)

टाकी घ्या, पण ती उन्हाळा काढून देईल ही आशा सोडा. १०० चौरस मीटरच्या छपरावरून ती जुलैतल्या एका जोरदार दिवसात भरते. वरच्या खारघरच्या हिशेबातल्यासारख्या ७० चौरस मीटर वाफ्यांना, आच्छादन असताना, चौरस मीटरला रोज तीन लिटर धरले तर २१० लिटर लागतात, म्हणजे टाकी २४ दिवसांत रिकामी. ऑक्टोबर ते मे या आठ महिन्यांना ५० हजार लिटर हवेत. त्यापेक्षा मार्चमध्ये निम्मे वाफे रिकामे करून १५ सेंटीमीटर पाल्याखाली झाकून टाका आणि पाणी उरलेल्या निम्म्यांना द्या. टाकीच्या झाकणाला आणि ओव्हरफ्लोच्या तोंडाला बारीक जाळी लावा. डेंग्यूची नोटीस आली तर बागेची बाजू घ्यायला सभेत कुणी उभं राहत नाही.

अन्नवनासाठी, म्हणजे जंगलासारख्या थराथरांत लावलेल्या खाण्याच्या झाडांसाठी, परदेशी नकाशे कशाला? कोकणात नारळाच्या बागेत जायफळ, दालचिनी, मिरी, केळी, अननस अशी लाखी बाग लावतात, तोच थरांचा विचार आहे. दोन नारळांत साडेसात मीटर अंतर ठेवा. पहिली दोन-तीन वर्षं मधल्या जागेत केळी आणि पपई. जायफळ सावली झाल्यावरच लावा, उघड्यावर ते करपतं. माणसांच्या वाटेवर किंवा मुलांच्या खेळण्याच्या जागी नारळ नकोच. पोडियमच्या (पार्किंगवरच्या मोकळ्या गच्चीच्या) स्लॅबवर तर हे काहीच नको : ओली माती घनमीटरला सुमारे १,८०० किलो भरते, म्हणजे ३० सेंटीमीटरच्या थराचं वजन चौरस मीटरला ५०० किलोंच्या वर जातं.

आराखड्यात एक गोष्ट नाही, ती घाला : जागेचा कागद. सोसायटीची जागा असेल तर सर्वसाधारण सभेचा लेखी ठराव. महापालिकेची किंवा सिडकोची असेल तर मुदत, पाणी आणि झाडांची जबाबदारी लिहिलेली परवानगी. हा कागद हातात येईपर्यंत एका हंगामात निघणारी पिकंच घ्या. झाड एकदा मोठं झालं की वृक्ष कायद्यानुसार परवानगीशिवाय तोडता येत नाही, मग जागा बदलली तर ते ना तुमचं राहतं ना काढता येतं.

प्रश्न : पावसात शंखाच्या मोठ्या गोगलगायी रोपं फस्त करतात. (कोपरी, ठाणे)

ही आफ्रिकन गोगलगाय. संध्याकाळी वाफ्यांमध्ये ओली गोणपाटं पसरा, खाली कोबीची पानं ठेवा. सकाळी गोणपाट उलटून सगळ्या वेचा आणि मिठाच्या पाण्याच्या बादलीत टाका. हातमोजे घालूनच वेचा, त्यांच्यात माणसाला बाधणारे परजीवी असतात. मीठ वाफ्यावर टाकू नका. मातीत आणि विटांच्या फटींत पांढरी-पिवळी, साबुदाण्याएवढी अंडी सापडतात, तीही नष्ट करा. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात हे रोज केलं तर ऑगस्ट बराच सुसह्य होतो.

प्रश्न : उच्चदाब वाहिनीखालची पट्टी बागेसाठी मिळेल का? (ऐरोली)

आधी वीज कंपनीची आणि जमीनमालकाची लेखी परवानगी. मिळालीच तर फक्त पालेभाज्या, आळू, हळद. केळी, बांबू, शेवगा, लोखंडी मांडव आणि लांब अॅल्युमिनियमच्या आकड्या तिथे अजिबात नकोत, आणि पाण्याचा पाइप आकाशाकडे धरून फवारणी करू नका.