हाड जुळलं, दुखणं राहिलं

«ताई, माझी मुलगी ११ वर्षांची. गेल्या श्रावणात नळाला पाणी आलं त्या दिवशी हौदापाशी घसरली. घोट्याला बारीक फ्रॅक्चर, ६ आठवडे प्लास्टर. आता एक्स-रे चांगला आहे, एमआरआयही झाला. तरी पाय दुखतो. मोजा घातला तरी ओरडते. पाय गार पडतो, कधी निळसर दिसतो. ४ महिने शाळा नाही. गड्ड्याच्या जत्रेला मात्र हट्टाने आली, पाळण्यात बसली, तासभर हिंडली; पुढचे दोन दिवस अंथरुणात. सासूबाई म्हणतात, ‘नाटकं करतीय पोरगी.’ आमचे मालक लूमवर (यंत्रमागावर) असतात, मी टॉवेलच्या कारखान्यात शिलाईला. रात्री उठून उठून तिला विचारते, दुखतंय का. पुण्याला नेऊन परत सगळ्या तपासण्या करू का? तिचं खरं मानू की नको?
– एक आई, सोलापूर»

शेवटचा प्रश्न आधी घेते. खरं माना. आजच तिला जवळ घेऊन सांगा, ‘तुझं दुखतंय हे मला मान्य आहे.’ रिपोर्ट चांगले आले म्हणून दुखणं खोटं ठरत नाही.

मालकांना विचारा, ते नीट समजावतील. बाण्याचा, म्हणजे आडवा, धागा तुटला की लूम आपोआप थांबतो, तेवढ्यासाठी त्यात खटका असतो. आता समजा तो खटकाच हळवा झाला. धागा शाबूत, तरी लूम दर मिनिटाला बंद. तेव्हा कुणी सूत बदलत बसतं का? तुमच्या लेकीचं असंच काहीसं झालेलं दिसतंय. हाड जुळलं, पण धोका कळवणाऱ्या नसा आणि मेंदू अजून सावधच आहेत. मोज्याचा स्पर्शसुद्धा त्यांना इजा वाटतो. ३ महिन्यांच्या वर टिकणारं दुखणं बऱ्याचदा या वळणाचं असतं. स्पर्श सहन न होणं, पाय गार पडणं, रंग बदलणं ही लक्षणं ‘कॉम्प्लेक्स रीजनल पेन सिंड्रोम’ नावाच्या आजारात दिसतात. हातापायाला मार लागल्यावर तो होऊ शकतो, आणि मोठ्यांपेक्षा मुलं त्यातून चांगली बरी होतात. मी डॉक्टर नाही. अस्थितज्ज्ञांना हे नाव घेऊन स्पष्ट विचारा, आणि फिजिओथेरपीची चिठ्ठी मागून घ्या. खाजगी परवडत नसेल तर सिव्हिलला चौकशी करा.

पुण्याची घाई नको. दर नव्या तपासणीबरोबर पोरीच्या मनात एकच घट्ट होतं, आत काहीतरी भयंकर आहे. मात्र ताप येत असेल, वजन उतरत असेल, सांधा सुजून लाल होत असेल, पायातली ताकद कमी होत असेल किंवा लघवीवरचा ताबा सुटत असेल, तर एक दिवसही थांबू नका.

गड्ड्यावरून सासूबाईंना राग येणं मी समजू शकते. पण मन रमलं की दुखणं मागे पडतं, हे तुमच्या-माझ्या डोकेदुखीचंही आहेच की. होम मैदानावर, जत्रेत, ती खोटं वागली नाही. कित्येक महिने न वापरलेल्या पायाने तासभर हिंडली, त्याची वसुली दोन दिवस झाली. म्हणून मोजून चाला. १० मिनिटं सहज चालता येत असेल तर ७ ठरवा. बऱ्या दिवशी ७ आणि वाईट दिवशीही ७. आठवडाभर जमलं की ८. घड्याळ सांगेल तेव्हा थांबायचं, दुखणं सांगेल तेव्हा नाही. शाळेचंही तसंच. आधी २ तास, ठरलेल्या वेळी, डॉक्टरांची चिठ्ठी वर्गशिक्षकांना देऊन. दुखणं संपल्यावर शाळा, असं धरून बसलात तर वर्ष जाईल. आधी पाय कामाला लागतो, दुखणं त्यानंतर ओसरतं, तेही सावकाश.

आणि तुमच्या कारखान्यातल्या चिंध्या आणा. खरंच सांगते. आधी कापूस, मग धुऊन मऊ झालेल्या साडीचा तुकडा, मग टॉवेलची मऊ बाजू, मग खरखरीत, शेवटी आपली सोलापुरी चादर. एकेक कापड रोज दोनदा, दोन-तीन मिनिटं, हलक्या हाताने पायावरून फिरवायचं. जमलं तर तिने स्वतःच, म्हणजे लगाम तिच्या हातात राहतो. नसांना पुन्हा शिकवायचं असतं की हा स्पर्श आहे, मार नाही. सुरुवातीला ती कुरकुरेल. तुमचे डोळे भरून आले तर पाणी प्यायच्या निमित्ताने उठून जा, तिला दिसू देऊ नका. फिजिओथेरपिस्टना दाखवून मगच पुढच्या कापडावर जा.

आता तुमची एक चूक, रागावू नका. रात्री उठून विचारणं बंद. दर वेळी विचारलं की तिचं लक्ष पायाकडेच जातं, आणि झोप मोडली की दुखणं वाढतं. दिवसातून एकदा, संध्याकाळी, दुखण्याबद्दल काय ते बोलायचं. बाकी वेळ मैत्रिणींचं विचारा, भावाशी भांडली का ते विचारा. मेडिकलमधून स्वतःच्या मनाने गोळ्या आणत असाल तर तेही थांबवा. डॉक्टरांनी समुपदेशकाकडे पाठवलं तर ‘पोरगी वेडी आहे का’ म्हणून बिथरू नका, दुखण्याची भीती कमी करायला ते शिकवतात. तुमचंच मन फार खचलं तर १४४१६ या टेलि-मानस (मानसिक आरोग्याची सरकारी मदत) क्रमांकावर फुकट बोलता येतं, मराठीतही.

सासूबाईंशी वाद घालू नका, त्यांना काम द्या. शेंगाची चटणी कुटताना नातीला शेजारी स्टुलावर बसवा, दोन्ही पावलं जमिनीवर टेकवून. दाणे निवडायला तिच्याकडे. पायाचा विषय आजीने काढायचा नाही, एवढी एकच अट.