कोबा घालण्याआधी पाइप टाकलेत का?

गेल्या अंकात घराच्या मागे वेगळं गॅरेज-वर्कशॉप स्वतः बांधण्याबद्दल दोन ओळी काय लिहिल्या, प्रश्नांचा ढीगच आला. निम्मे प्रश्न मशीन कोणतं घेऊ याचे आहेत, ते बाजूला ठेवलेत, जागाच झाली नाही तर मशीन ठेवणार कुठे. उरलेल्यांतले सहा घेतलेत, लांबलेले थोडे कापून.

प्रश्न: मागे जागा भरपूर आहे, पण खर्च आटोक्यात राहावा म्हणून 10 बाय 12 फुटांचं बांधायचं म्हणतोय. फक्त सुतारकाम, गाडी ठेवायची नाही. पुरेल ना?

हातकाम असेल तर पुरेल. रंधा, पटाशी, करवत आणि एक दणकट टेबल, झालं. पण तुम्ही पत्रात पुढे टेबल सॉचं, म्हणजे टेबलातून ब्लेड वर आलेल्या करवत-मशीनचं नाव काढलंय म्हणून सांगतो, प्लायचा शीट 8 बाय 4 फुटांचा असतो आणि तो लांबीत चिरायचा तर ब्लेडच्या अलीकडे 8 फूट लागतात, पलीकडे 8 फूट, शिवाय तुम्ही स्वतः कुठेतरी उभे राहणार, म्हणजे 18 फूट आलेच. 12 फुटांत शीट अर्ध्यातच भिंतीला टेकेल आणि चालू ब्लेडवर लाकूड अडकवून तुम्ही नुसते बघत बसाल, हे अजिबात चांगलं नाही. जागा खरंच लहानच ठेवायची असेल तर मशीन दाराच्या रेषेत ठेवा, शीट दारातून बाहेर जाऊ दे, लहान वर्कशॉपवाले हेच करतात.

उंचीचं कुणी विचारतच नाही. 8 बाय 4 चा शीट उभा धरून फिरवायचा तर त्याचा कर्ण जवळजवळ 9 फूट भरतो. मी उंची साडेआठ ठेवली होती आणि हे गणित मला दोन ट्यूबलाइट फुटल्यावर कळलं. 10 फूट ठेवा.

मला विचाराल तर 15 बाय 20 करा. त्याचा एक फायदा आखणी करताना दिसतो, कारण त्याचा कर्ण बरोब्बर 25 फूट येतो, शाळेतलंच 3-4-5 पाचाने गुणलेलं. खुंट्या ठोका, दोरी ताणा, टेप तिरका धरा, 25 आला की कोपरा काटकोनात. मग दुसरा कर्णही मोजा, तोही 25 च आला पाहिजे. टेप मधे झोळासारखा लोंबला तर माप खोटं येतं, म्हणून दोघं मिळून ताणून धरा. आणि खुंटी ठोकायच्या आधी हद्दीपासून किती अंतर सोडायचं आणि परवानगी काय लागते ते विचारून घ्या, बांधून झाल्यावर विचारण्यात मजा नाही.

प्रश्न: जमिनीचा कोबा मी आणि माझा भाऊ दोघं मिळून एका सुट्टीत घालू शकतो का? मिक्सर भाड्याने आणू. जाडी 4 इंच धरलीय, माप 15 बाय 20.

एका दिवसात अख्खा? नाही. हिशोब करू. 300 चौरस फूट गुणिले 4 इंच म्हणजे 100 घनफूट, म्हणजे 2.8 घनमीटर, वजनात पावणेसात टनांच्या आसपास. एक भाग सिमेंट, दीड भाग वाळू, तीन भाग खडी असा माल धरला तर सिमेंटच्या 50 किलोच्या 23 पिशव्या लागतात, म्हणजे 23 वेळा मिक्सर भरायचा, ओतायचा, पसरायचा, फळीने ओढायचा आणि वरून थापीने गुळगुळीत करायचा, आणि हे सगळं पहिला माल ताठर व्हायच्या आत. दहाव्या पिशवीला पाठ बोलायला लागते आणि पंधराव्याला माणूस पाणी जास्त घालायला लागतो कारण पातळ माल ओढायला सोपा जातो. तिथेच घात होतो. पिशवीला 25 लिटर पाणी, त्यातही वाळू ओली असेल तर अजून कमी. जास्तीचं पाणी नंतर उडून जातं, मागे राहतात पोकळ्या, आणि वर्षभरात झाडू मारला की दर वेळी पांढरी धूळ निघते.

पण यावर तोड आहे. कोबा चार भागांत घाला, साडेसात बाय दहाचे चार चौकोन, बुद्धिबळाच्या पटासारखे तिरके, आज हे दोन, पुढच्या आठवड्यात ते दोन. एका चौकोनाला 6 पिशव्या, दोघांना आरामात झेपतं. आणि गंमत म्हणजे 4 इंची कोब्याला दर 8-10 फुटांवर सांधा लागतोच, नाहीतर काँक्रीट आकसताना स्वतःच्या मर्जीने कुठेतरी तडकतं, तो सांधा इथे आपोआप मिळतो. अख्खा एकदम घातलात तर दुसऱ्या दिवशी कटरने इंचभर खोल काप मारून घ्या.

खरं काम मात्र कोब्याच्या खाली आहे आणि तिथेच लोक घाई करतात. वरची काळी माती, मुळं, गवत सगळं काढायचं, मुरूम 6-6 इंचांच्या थरात टाकायचा आणि प्रत्येक थर पाणी मारून धुम्मस करायचा, दीड फूट एकदम ओतून वरून चार ठोसे मारले तर वरचे सहा इंचच दबतात. काळी चिकण माती खोल असेल तर ती भिजली की फुगते आणि सुकली की आकसते, अशा जागी पाया किती न्यायचा हे इंजिनिअरला विचाराच, इथे शहाणपणा नको. जोतं बाहेरच्या जमिनीपेक्षा निदान 6 इंच वर ठेवा. मग 250 मायक्रॉनचा प्लॅस्टिक कागद, जोडावर फूटभर एकमेकांवर चढवून. हा कागद नसला तर जमिनीतली ओल काँक्रीटमधून वर येत राहते. ती डोळ्यांना दिसत नाही, तिचा पत्ता लागतो मशीनच्या बिडाच्या टेबलावर, सकाळी बोट फिरवलं की बोटाला तांबूस रंग. जाळी टाकणार असाल तर ती वरच्या तिसऱ्या भागात राहील अशी ठोकळ्यांवर उचला, तळाला कागदावर लोळणारी जाळी काही कामाची नाही.

आणि आता ज्याच्यासाठी हे सगळं लिहितोय ते. कागदाच्या आधी पाइप टाका. एक विजेचा, एक रिकामा, आणि टेबल सॉ जिथे मधोमध येणार तिथपर्यंत एक. वळण मोठ्या गोलाईचं घ्या, आत नायलॉनची दोरी ओवून ठेवा, आणि दोन्ही तोंडं नीट बंद करा. मी दोरी ओवली होती पण एक तोंड उघडंच राहिलं, काँक्रीटचं पाणी आत गेलं, आणि दोन महिन्यांनी दोरी ओढली तर ती हललीच नाही, चार फुटांवर गच्च. आज माझ्या टेबल सॉची वायर छतातून खाली लोंबते आणि प्रत्येक लांब फळी तिच्यात अडकते. भिंत पाडून परत बांधता येते, पत्रा उचकटता येतो, कोबा नाही. शेवटी कोब्यावर निदान आठवडाभर, जमलं तर दहा दिवस, पाणी साठवून ठेवा.

प्रश्न: चार महिन्यांपूर्वी बांधून झालं. वर पत्र्याचं छप्पर. पाऊस नाही तरी पहाटे आत थेंब पडतात. सगळे स्क्रू परत आवळले, सीलंट मारलं, फरक शून्य. पत्रेवाला म्हणतो लीकेज नाही.

पत्रेवाला खरं बोलतोय! रात्री मोकळ्या आकाशाखाली पत्रा बाहेरच्या हवेपेक्षाही थंड होतो, आतली दमट हवा त्याला लागली की तिथे पाणी धरतं, थंड पाण्याच्या तांब्याला बाहेरून धरतं तसंच. दमट हवा आली कुठून, तर तुमच्या नव्या कोब्यातून. काँक्रीट सुकायला ढोबळमानाने इंचाला एक महिना धरतात, तुमचा 4 इंची असेल तर आत्ता कुठे सुकत आलाय. शिवाय थंडी वाजते म्हणून तुम्ही आत गॅसची शेगडी पेटवता असं पत्रात लिहिलंय, 1 किलो गॅस जळला की दीड लिटरहून जास्त पाणी वाफ होऊन हवेत जातं. ती आधी बंद करा, बंद जागेत ती तशीही धोक्याची.

मग उपाय: वळचणीला आणि माथ्यावर हवेला वाट, म्हणजे खालून आत, वरून बाहेर. आणि पत्र्याच्या खाली इन्सुलेशन, पण ते पत्र्याला आतून चिकटलेलं आणि जोड टेपने बंद केलेले, मधे फट राहिली तर दमट हवा वर जाऊन तिथेच पाणी धरते आणि आता ते दिसतही नाही. आणि स्क्रू आवळणं थांबवा, रबरी वॉशर पिळून बाहेर आला की खरंच गळायला लागेल.

प्रश्न: घरातून 25 मीटरची एक्सटेन्शन लावून दीड किलोवॅटची मोटर चालवतो. सुरू करताना मोटर नुसती घूं करते, घरातले दिवे मंद होतात, मग कशीबशी उचलते. मोटर खराब आहे का?

मोटर बिचारी ठीक असावी, वायर बारीक आहे. तुमची एक्सटेन्शन 1 स्क्वेअर एमएमची असणार, बाजारातल्या बऱ्याच तशाच असतात. 25 मीटर म्हणजे जाऊन-येऊन 50 मीटर तांबं, त्याचा रेझिस्टन्स 0.9 ओहम. एवढी मोटर चालू असताना साधारण 10 अँपिअर घेते पण सुरू होताना पाच-सहा पट ओढते, 60 धरा, 60 गुणिले 0.9 म्हणजे 54 व्होल्ट वायरीतच गेले. 230 तले 176 उरले. आणि मोटरची ओढ व्होल्टेजच्या वर्गाने कमी होते, म्हणजे ताकद साठ टक्क्यांच्याही खाली, मग घूं नाही करणार तर काय. वर उरलेली केबल गुंडाळून ठेवली असेल तर हात लावून बघा, गरम लागेल.

तीच लांबी 6 स्क्वेअर एमएमने केली तर सुरू होताना 9 व्होल्टच पडतात. तेव्हा घरातल्या मेनवरून वेगळी आर्मर्ड (लोखंडी कवचाची) केबल, जमिनीत अडीच फूट खाली, वर विटा आणि इशाऱ्याची पट्टी, वर्कशॉपमध्ये स्वतःचा डीबी, म्हणजे वीज वाटायचा बॉक्स, 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, आणि अर्थिंग. खोदाई तुम्ही करा, केबल तुम्ही पसरा, जोडणी मात्र लायसनवाल्या इलेक्ट्रिशियनकडूनच. त्याला एक सांगा, दिव्यांचं सर्किट मशीनपासून वेगळं ठेव. मशीनने एमसीबी (जास्त करंट झाला की आपोआप पडणारा स्विच) ट्रिप केला आणि त्याच बरोबर दिवे गेले तर ब्लेड अजून फिरतंय आणि तुम्ही अंधारात, हात लाकडावर. हे माझ्यावर एकदा आलंय, मी पुतळ्यासारखा उभा राहिलो आवाज बंद होईपर्यंत.

प्रश्न: हे दर रविवारी वर्कशॉप बांधतात. वर्ष झालं, भिंती खांद्याएवढ्या झाल्यात आणि आत पावसाचं पाणी साठतं. कधी होणार? (यांना न सांगता लिहितेय.)

ताई, त्यांना हे पान उघडं करून द्या. रविवारी काम करणाऱ्याने भिंती आधी घ्यायच्याच नाहीत. लोखंडी खांब, त्यावर ट्रस, म्हणजे छपराची कैची, त्यावर पत्रा, आणि मग छपराखाली बसून वर्षभर भिंती करत राहा, सिमेंट भिजत नाही, हत्यारं भिजत नाहीत, पाऊस असला तरी रविवार फुकट जात नाही. आता अर्ध्या भिंती झाल्याच आहेत तर त्यांच्या आतल्या बाजूने खांब उभे करता येतील का ते कुणा जाणत्याला दाखवा. खांब बोल्टने पायाशी घट्ट बांधलेले हवेत, हलक्या छपराला वजनाचा त्रास नसतो, वाऱ्याचा असतो, वारा ते उचलतो. आणि ट्रस चढवायला चार माणसं लागतात, त्या एका रविवारी मित्रांना बोलवा. कधी होणार ते मी सांगू शकत नाही, माझं तीन वर्षांत झालं आणि रंग अजून बाकी आहे.

प्रश्न: वर्कशॉपमध्येच रात्री कारही ठेवली तर चालेल? आणि जवसाच्या तेलाने पॉलिश करताना वापरलेल्या चिंध्या एका बादलीत साठवतो, वास येतो, तो घातक आहे का?

वासापेक्षा त्या चिंध्या घातक आहेत, आजच बादली रिकामी करा. जवसाचं तेल वाळताना हवेतला ऑक्सिजन घेतं आणि गरम होतं, चिंध्या बोळा करून ठेवल्या की ती उष्णता आत कोंडते आणि काडी न लावता पेटतात. बाहेर मोकळ्यावर एकेक पसरून वाळवा, कडक झाल्या की टाका, नाहीतर झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात पाण्यात बुडवून ठेवा. भुसाही रोज काढा. लाकडाची धूळ आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 1995 पासून कॅन्सर करणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात घातलीय, म्हणजे मास्क लावायचा, आणि सँडिंग संपल्यावरही थोडा वेळ ठेवायचा, बारीक धूळ तासभर तरंगत असते.

कार ठेवा, पण पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, जमिनीलगत साठते, म्हणून गाडी आत असताना ग्राइंडर किंवा वेल्डिंग नाही, आणि इंजिन चालू ठेवून दार बंद कधीच नाही. खाली दाराजवळ आणि समोरच्या भिंतीत जाळीच्या खिडक्या ठेवा. सॉकेट वर घ्या, 50 इंचांवर. ठिणगी जमिनीपासून लांब राहते आणि 4 फुटी शीट आडवे भिंतीला टेकवून ठेवले तरी प्लग त्यांच्या मागे जात नाही. माझे पहिले चार सॉकेट दीड फुटावर आहेत, गेली दोन वर्षं मला ते दिसलेले नाहीत.